जावई बाळंतपणाला आला

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, यात कुणाला काही खटकायचं कारण नव्हतं. खटकत होतं ते हे, की तिच्या मागोमाग जावईही आला, आणि आला तो परत जायचं नावच घेईना.

"पाव्हना म्हनून आला आसता तर चार दिवस गोडधोड घालून वाटंला लावला आसता," हौसाक्का आपल्या जावेला, इंदाक्काला सांगत होती. "पर ह्यो पाव्हना न्हवं. बॅग उघडून कपाटात कापडं लावली बघ त्यानं. आन् परवापासनं माज्या सैपाकघरात भाकरी थापतोय."

"गोल येती का?" इंदाक्कानं विचारलं.

"येती की. त्येचाच तर संताप हाय!"

इंदाक्का पदर तोंडाला लावून हसली. हौसाक्कानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिचं हसू तिथल्या तिथं विरलं. हौसाक्काच्या नजरेचा असा धाक तासगावच्या त्या सगळ्या पट्ट्यात होता. नवरा गेल्यावर चौथी शिकलेल्या या बाईनं सासरची बेदाण्याची शेड एकटीनं सांभाळून वाढवली होती. द्राक्षं सोड्याच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, आणि वाळून बेदाणा होईपर्यंत त्यांच्यावर डोळा ठेवायचा, हे तिचं काम. आता शेडचे पडदे हवेतला दमटपणा ओळखून आपोआप उघडत-मिटत, जाळ्या आपोआप हलत. हौसाक्काला यंत्रांचं वावडं नव्हतं. माणसांचं होतं.

जावयाचं नाव भरतेश. पुण्याच्या एका कंपनीसाठी तो धरणांच्या भिंतींवर पडणारा ताण घरी बसून मोजत असे. त्यामुळं सासुरवाडीला ठाण मांडायला त्याला कुणाची रजा काढावी लागली नव्हती.

खरा स्फोट झाला तो बदामाच्या तेलावरून. दुपारची वेळ. भरतेश वाटीत तेल कोमट करून खोलीत गेला आणि आतून कडी लावली. हौसाक्का दारावर जाऊन उभी राहिली.

"त्रिशले! दिवसाढवळ्या कडी कशाला?"

"आई, मालीश चाललंय!" आतून लेकीचा आवाज आला. "डॉक्टरांनी सांगितलंय. बाळ येतं तिथली कातडी शेवटच्या महिन्यात रोज तेलानं हळूहळू ताणायची, म्हणजे ऐनवेळी कमी फाटते. माझं पोट एवढं आलंय, माझा हात पोचत नाही!"

हौसाक्का दारापासून अशी मागं सरली, जसं काही दाराला विंचू चिकटला होता. ती थेट शेडवर गेली आणि ज्या बाया द्राक्षं पसरत होत्या त्यांच्यावर विनाकारण खेकसली.

*

तपासणीच्या दिवशी ती मुद्दाम दोघांच्या सोबत दवाखान्यात गेली. असल्या गोष्टी शिकवणारी डॉक्टर आहे तरी कोण, हे तिला बघायचं होतं.

डॉ. झीनत मुजावर वयानं तरुण आणि बोलायला मोकळी होती. तिनं टेबलावर एक मऊ, पारदर्शक वस्तू ठेवली. दोन तळहात जोडून पाणी प्यायला धरावेत, तसा तिचा आकार होता.

"हिला आम्ही ओंजळ म्हणतो," ती म्हणाली. "बहुतेक बायका आपल्या कळांनीच मोकळ्या होतात, त्यांना हिची गरज पडत नाही. पण कधी बाळ खाली येऊन अडतं, आई दमते, बाळाचे ठोके मंद होतात. तेव्हा पूर्वी लोखंडी चिमटा लावायचे, नाहीतर बाळाच्या डोक्याला चूषणाची वाटी लावून ओढायचे. बाळ वाचायचं. पण आईची जागा फाटायची. कधी नुसती कातडी, कधी स्नायू, आणि कधी पार मागपर्यंत. शौच धरून ठेवणारा जो गोल स्नायू असतो ना, तोसुद्धा. घाईगर्दीत ते दिसायचंही नाही. वरची कातडी शिवून बाईला घरी पाठवायचे."

हौसाक्का खिडकीबाहेर बघू लागली.

"ओंजळीच्या पदरांत हवेचे बारीक कप्पे आहेत आणि केसापेक्षा पातळ तारा. ती बाळाच्या डोक्याभोवती सरकते. आई जोर लावते तेव्हाच ओढते, आई थांबली की थांबते. आणि आईच्या अंगावर कुठं किती ताण पडतोय, हे क्षणाक्षणाला वाचते. हद्द जवळ आली की ओढणं सोडते."

"हद्द कुठं आहे, हे तिला कोण सांगतं?" भरतेशनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातलाच होता. "भिंत भिंतीसारखी नसते."

"बरोबर. बाई बाईसारखी नसते. म्हणून आधी प्रत्येकीचा ताण-नकाशा करावा लागतो. थोडा सोनोग्राफीतून, थोडा रक्तातून. पण खरी दिशा मिळते ती तिच्या आईकडून." डॉक्टर हौसाक्काकडे वळली. "अंग बांधून ठेवणारे धागे बऱ्याच अंशी घरातूनच येतात, अक्का. आई कुठं फाटली होती, हे कळलं की मुलगी कुठं कच्ची असेल त्याचा अंदाज येतो. तुमचं बाळंतपण कसं झालं होतं?"

"माजं?" हौसाक्का ताठ झाली. हे उत्तर तिनं गावात इतक्या वेळा दिलं होतं, की ते आपोआप तोंडात आलं. "फुलागत. तिसऱ्या दिशी शेडवर उभी हुते. इचारा कुनाला बी."

"टाके?"

"टाकं कशाला पडत्यात?"

त्रिशलानं अभिमानानं आईकडे पाहिलं. लहानपणापासून तिनं हीच गोष्ट ऐकली होती. डॉक्टर मात्र पडद्यावरच्या रंगांकडे पाहत राहिली. "रक्त थोडं वेगळं सांगतंय. पण आईचं एवढं सोपं झालं असेल, तर नकाशा ते वरचढ धरेल आणि हद्द जरा लांब ठेवेल, म्हणजे ओंजळ जास्त ओढेल." मग सहज बोलावं तशी ती म्हणाली, "तुमचीही एक सोनोग्राफी केली तर? कितीही जुनी जखम असो, त्यात दिसते."

"बाळंतीन ती हाय का मी?" हौसाक्का उठून उभी राहिली. "मला काय बी झाल्यालं न्हाई. चला गं."

भरतेशनं सासूकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

*

झालं होतं. त्रिशलाच्याच वेळी झालं होतं.

तालुक्याच्या एका लहानशा दवाखान्यात बाळ अडलं, कुणीतरी वाटी लावून ओढलं, कुणीतरी चार टाके घातले. घरी आल्यावर हौसाक्काला कळलं, की आपल्याला वारा धरता येत नाही. कधीकधी त्याहून जास्त काही धरता येत नाही. तिनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, "लवकर कामाला उठलीस, त्याचं फळ हाय." त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही.

विचारलं नाही, पण सगळं आयुष्य त्याच्याभोवती बेतून घेतलं. बाहेर जायचं असेल त्या दिवशी पोटात अन्न जाऊ द्यायचं नाही. साडीच्या आत घडीचं कापड. शेडच्या मागं स्वतःपुरता संडास, त्याची किल्ली स्वतःच्या कमरेला. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाणं बंद. असल्या अंगानं देवापुढं बसायचं तिच्या मनाला पटेना. लोकांनी विचारलं तर "शेड कोन बघनार?" दुसरं मूल नको म्हणून ती हटून बसली, त्याबद्दल सासरच्यांचे टोमणे ऐकले. आणि माणूस जवळ येऊन बसणार असं दिसलं, की त्याला असं काही बोलायचं, की तो लांबच बसावा. आधी हे ठरवून केलेलं होतं. पुढं तो स्वभावच झाला.

तिसऱ्या दिवशी ती शेडवर उभी होती, हे मात्र खरं होतं. तेवढं एकच खरं तिनं उचललं आणि मिरवलं.

*

घरातले कपडे धुवायचं काम जावयानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. हौसाक्काचे मात्र तीच धूत असे. घडीची कापडं पहाटे धुऊन संडासामागच्या दोरीवर जुन्या लुगड्याखाली झाकून वाळत घालायची, ही तिची रीत.

त्या सकाळी ती शेडवरून घराकडे आली आणि सहज वर पाहिलं. गच्चीवर लखलखीत उन्हात तिची सगळी कापडं ओळीनं वाळत होती. प्रत्येकाला दोन चिमटे. सरळ, ताठ, जाहीर.

ती जिना चढून वर गेली तेव्हा तिला धाप लागली होती.

"कुनाला इचारून हात लावला?"

भरतेश बादली खाली ठेवून उभा राहिला. "दमट होती मामी. लुगड्याखाली वाळत नाहीत. दमट कापड लागून अंगाला चट्टे उठतात."

"तुमास्नी काय करायचंय माज्या अंगाचं? बापई मानूस हाय का कोन हाय तुमी? बायकूच्या म्हायेरी येऊन बायकांच्या चिंध्या हुडकताय!"

"माझ्या आईला असे चट्टे उठायचे," तो म्हणाला.

 

त्यानं कानामागचे केस बाजूला केले. तिथं एक जुनी, पांढुरकी खाच होती. "हा चिमट्याचा व्रण. मी अडलो होतो. मला ओढून काढलं, आणि आईचं हे असं झालं. मला कळतं वय आलं तेव्हापासून घरात तिची कापडं मीच वाळत घालतो. ती घालायची तर अंधारात घालायची."

"इहीनबाई?" हौसाक्काला खरं वाटेना. विहीण कुसुमावती म्हणजे शिरोळकडची तालेवार बाई. त्रिशलाच्या लग्नात पंगतीला न बसता ती निघून गेली होती. हौसाक्कानं तो अपमान मनात घट्ट बांधून ठेवला होता. आमचं अन्न गोड लागलं नाही म्हणून गेल्या, असं ती अजून ऐकवत असे.

"लग्नात ती जेवायला थांबली नाही, त्याचा तुम्हाला राग आहे, माहीत आहे मला. ती दिवसभर उपाशी होती, मामी. जेवली असती तर परतीच्या वाटेवर काय झालं असतं, या भीतीनं. तुम्हीही बसला नव्हतात. दिवस मावळेपर्यंत पंगतीत वाढतच होतात. लोक म्हणत होते, मुलीची आई किती राबते. मी तेव्हाच ओळखलं होतं."

गच्चीवर वारा सुटला होता. दोरीवरची कापडं फडफडत होती. हौसाक्काला ती एकेक ओढून काढावीशी वाटली, आणि हातही उचलेना.

"त्रिशलाला सांगितलंय?"

"नाही. ते माझं नाही सांगायचं." मग त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा कठीण झाला. "पण परवा शेवटची तपासणी आहे. त्या ओंजळीला आपण खोटी हद्द सांगितली आहे. तुम्ही खरं सांगा. नाही सांगितलंत, तर मी डॉक्टरांना एवढंच म्हणेन, की आईंचं बाळंतपण सोपं झालं हे धरून चालू नका. त्यापुढचं एक अक्षरही माझ्या तोंडून निघणार नाही. मग नकाशा अर्धाच राहील, कदाचित पोटावरचं ऑपरेशन करायला लागेल. होऊ दे. पण माझ्या बायकोचं असं झालेलं मला बघायचं नाही."

"मला धमकी देताय?"

"हो," भरतेश म्हणाला. "तुमच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत."

आजवर तिच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. हौसाक्का जिना उतरून खाली आली. त्या दिवशी तिनं जावयानं केलेली भाकरी खाल्ली नाही, आणि आपण दुसरी केलीही नाही.

*

दुसऱ्या दिवशी शेडवर रोपवाटिकेचा माणूस आला. नव्या तुकड्यात लावायला काड्यांची मोळी घेऊन आला होता. काड्या हिरव्यागार, एकसारख्या, नजरेत भरतील अशा.

"मातृवेल कुठं हाय?" हौसाक्कानं विचारलं. ज्या वेलीच्या काड्या, ती मूळ वेल.

"अक्का, वेल लांब हाय. पर एकदम निर्मळ. गोड माल."

"गोड माल म्या बघितला न्हाई. तुज्या तोंडचं ऐकून लावू व्हय? त्या येलीचं मनी तडकत आसतील, तर ह्या काड्यांचं बी तडकनार. साल आईची येती. पावसाचं एक शितोडं पडलं की घडच्या घड फुटून आंबूस वास मारत्यात. मग तू येनार हाईस भरून द्यायला?" ती मोळी त्याच्या हातात परत देत म्हणाली, "मातृवेल लपवनारा मानूस माज्या दारात पुन्यांदा नगं."

माणूस गेला. हौसाक्का जाळ्यांच्या रांगेत उभी होती तशीच उभी राहिली. आपण आत्ता काय बोललो, ते तिच्या कानात अजून चालू होतं. मग तिनं काम करणाऱ्या बाईच्या हाती शेडची चावी दिली, घरात जाऊन नवीन लुगडं नेसलं, आणि कुणाला न सांगता तासगावच्या गाडीत जाऊन बसली. सकाळपासून तिनं घोटभर पाणीही प्यायलं नव्हतं.

*

डॉ. झीनतनं काही विचारलं नाही. तिला आत घेतलं, पडदा ओढला आणि म्हणाली, "थोडं गार लागेल, अक्का."

पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हललं. डॉक्टरनं बोटानं एक आकार दाखवला. "हा तो गोल स्नायू. काकणासारखा असायला हवा, पूर्ण. तुमच्या काकणाला इथं, डाव्या अंगाला, फट आहे. टोकं दोन्हीकडे मागं सरकलीत. वरची कातडी शिवली होती, आतलं राहून गेलं."

हौसाक्का बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली. एवढीशी होती ती.

"म्या तिसऱ्या दिशी कामाला उठले," ती हळू म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "म्हनून झालं न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"सासू."

"नाही. तुम्ही महिनाभर पलंगावर पडून राहिला असता तरी हे असंच राहिलं असतं. हे त्या दिवशीच, त्या टेबलावर झालं. तुमच्या उठण्या-बसण्याचा याच्याशी काही संबंध नाही."

हौसाक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टर यंत्र पुसत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"हे शिवता येतं अजून," थोड्या वेळानं ती म्हणाली. "टोकं जवळ आणायची, आणि मधल्या जागेत तुमच्याच मांडीच्या स्नायूतून वाढवलेल्या पेशी भरायच्या. अगदी पहिल्यासारखं होईल असं वचन मी देत नाही. पण पोटभर जेवून गाडीत बसाल."

"आदी लेकीचं बघा," हौसाक्का नाक ओढून म्हणाली. "माजं काय, सवय हाय."

घरी येऊन तिनं त्रिशलाला न्हाणीघरापाशी गाठलं आणि उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं. सांगताना ती दारावरच्या खिळ्याकडे बघत होती. त्रिशलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"माझ्या जन्मात झालं हे? आणि तू एवढी वर्षं—"

"रडतीस काय? तू ओडलं न्हाईस सवताला. गप ऱ्हा. पोटातलं दचकंल." आणि मग, जरा वेळानं, "त्या डाक्टरनीला डावी बाजू सांगितलीया. तू बी ध्यानात ठेव."

त्रिशलानं तिला मिठी मारायचा प्रयत्न केला. पोट मध्ये आलं. हौसाक्काही लगेच दूर सरली, सवयीनं. मग थांबली, आणि कडेनं जवळ आली.

*

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपार झाली तरी बाळ अडूनच राहिलं.

भरतेश त्रिशलाच्या एका बाजूला आणि हौसाक्का दुसऱ्या. बापई माणसानं बाळंतिणीच्या खोलीत असावं, हे तिला अजूनही पटलं नव्हतं. पण त्रिशलानं त्याचा हात असा आवळून धरला होता, की तो सोडवायला माणसं बोलवावी लागली असती.

बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर येत होता. तो एकाएकी मंदावला. मग परत आला. मग पुन्हा मंदावला, आणि या वेळी परत यायला फार वेळ लावला.

"ओंजळ," डॉ. झीनत म्हणाली.

ती पारदर्शक वस्तू तिच्या हातांतून आत सरकली. पडद्यावर नकाशा उमटला, हिरवा. डाव्या अंगाला एक पट्टा आधीच पिवळा करून ठेवलेला होता. त्या पट्ट्याचं मूळ कुठं आहे, हे खोलीत चौघांनाच ठाऊक होतं.

"कळ आली की जोर लाव, त्रिशला. ती तुझ्याबरोबर ओढेल. आत्ता!"

त्रिशलाच्या घशातून असा आवाज निघाला, की हौसाक्काच्या अंगावर काटा आला. हा आवाज तिला ओळखीचा होता. नकाशावरचा हिरवा रंग पसरला, ताणला गेला, डावीकडे केशरी झाला, आणि ओंजळ थांबली.

ठोके मंद. ओंजळ स्थिर.

"का थांबलंय?" हौसाक्का ओरडली. "ओडा की! लेकरू गुदमरतंय! ओडा!"

"अक्का," डॉक्टर नकाशावरून नजर न हलवता म्हणाली, "ती तुमच्यामुळं थांबली आहे. इथंच तुम्ही फाटला होता."



ओंजळीचे उजवे कप्पे फुगले, डावे सैल झाले. बाळाचं डोकं किंचित वळलं. केशरी रंग फिका पडला. "आता मी उजवीकडे तिरका एक लहान छेद घेते," डॉक्टर म्हणाली. "भूल दिलेली आहे, कळणार नाही. जिथं आपण ठरवू तिथं उघडेल, मनाला येईल तिथं फाटणार नाही. त्रिशला, आता जोर नको. फुंकर मार. नुसती फुंकर."

"फुंकर मार गं," भरतेश म्हणाला आणि स्वतःच मारू लागला. हौसाक्कानं बघितलं तर त्याच्या कपाळावरून घाम त्रिशलाच्या हातावर टपकत होता. मग तिलाही काय झालं कुणास ठाऊक, तीही फुंकर मारू लागली. तिघं मिळून, चुलीत जाळ करावा तशी.

डोकं आलं. हळू. इतकं हळू, की हौसाक्काला आपले श्वास मोजता आले असते. मग खांदा, मग बाकीचं सगळं एकदम, ओलं, निळसर, आणि क्षणभर मुकं. मग खोली त्याच्या रडण्यानं भरून गेली.

"मुलगी," परिचारिका म्हणाली.

हौसाक्का नातीकडे गेली नाही. ती डॉक्टरच्या मागं जाऊन उभी राहिली. छेद शिवून झाला होता. डॉक्टर बोटानं आत तपासत होती, सगळीकडून, सावकाश. तिला घाई नव्हती.

"काकन?" हौसाक्कानं विचारलं.

डॉ. झीनतनं मान वर केली. मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. "पूर्ण आहे, अक्का. कुठंच फट नाही."

त्यानंतर हौसाक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. त्या दिवशी तिला रडताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी ते गावात सांगायची छाती केली नाही.

*

संध्याकाळी खोलीत ऊन तिरपं आलं होतं. त्रिशला झोपली होती. भरतेश खुर्चीत बसला होता आणि मुलगी त्याच्या दोन तळहातांवर. तिच्या कानामागं कुठलाच व्रण नव्हता. त्यानं दोनदा बघून घेतलं होतं.

हौसाक्का दारात आली, तसा तो उठायला लागला.

"बसा. उठू नका. लेकराची मान सांबाळा." ती आत आली, पदर खोचला, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. गल्ल्यावर चुकार गिऱ्हाइकापुढं उभी राहायची तशीच. "तुमच्या आईला फोन केला म्या आत्ता. बारशाला या म्हनलं. त्या म्हनल्या, बघू, तब्येत बरी न्हाई. म्या म्हनलं, इहीनबाई, मला सगळं ठावं हाय, माजं बी तसंच हाय. मग म्हनल्या, येते. बारसं झालं की आमी दोघी मिळून त्या डाक्टरनीकडं जानार हाय."

भरतेशनं मुलीला जरा छातीशी घेतलं.

"आता तुमचं बोलू," हौसाक्का म्हणाली. आवाज खणखणीत होता, आणि झोपलेल्या लेकीनंही डोळे उघडले. "जावईबापू, तुमास्नी लाज म्हनून न्हाई. बायकांच्या तेलात तुमचा हात, बायकांच्या चिंध्यांत तुमचा हात, बाळंतिनीच्या खोलीत तुमी पाय रोवून हुबं. सासूला तोंडावर धमकी देताय. असलं निलाजरं मानूस म्या जल्मात बघितलं न्हाई. आन् माज्या वक्ताला ह्या घरात असलं एक जरी निलाजरं मानूस आसतं, तर मला एवढं तिखट व्हावं लागलं नसतं."